ठमीचा पिकअप

१४ सप्टेंबर, रविवार

ठरलं! ठमीचं पोट उघडायचं.

हसू दे कुणाला हसायचं ते. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची मशिनं दुरुस्त करतेय, घरची एक स्कूटर नाही का जमणार? सव्वाशे सीसीची तर आहे ती बया. चंद्रहास तिच्यावर बसून सिटीवेस्टला ऑफिसला जातो, मी कार घेऊन फॅक्टरीत. लेक मुक्ता कॉलेजसाठी गॉलवेला गेली आणि ॲडम्सटाउनचं हे घर एवढं चिडीचूप झालंय की फ्रीज घुरघुरलेला ऐकू येतो. मला वाटलेलं, चला, आता आपण दोघंच. वेळेवर चहा, गप्पा, मग कालव्यापर्यंत चक्कर. लग्न झाल्यापासून एवढा निवांतपणा कधी मिळाला होता?

कसलं काय! मी दोनदा चहा गरम करते, तरी साहेबांचा पत्ता नाही. सिटीवेस्ट काय लंकेत आहे? "का रे उशीर?" तर म्हणे, "ठमी पळत नाही गं."

पळत नाही ना? पळवते!


२० सप्टेंबर, शनिवार

मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, ठमीचं डावं झाकण उघडलं. आत नुसता काळा भुगा. पट्टा झिजलेला. आणि पुढच्या पुलीतले रोलर! गोल असायला हवेत, तर एका बाजूने पार चपटे. वेग वाढला की हे रोलर बाहेर सरकतात, पट्ट्याला वर ढकलतात, तेच हिचे गिअर. आता चपटे रोलर सरकणार कसे? बिचारी ठमी, पायात गोळे आल्यासारखी चालत होती आणि मी तिला मठ्ठ म्हणत होते.

नवं व्हेरिएटर मागवलं, म्हणजे ती अख्खी पुढची पुलीच. जरा हलके रोलर, नवा पट्टा, क्लचच्या कडक स्प्रिंगा. रोलर हलके असले की सिग्नलला चटकन उचलते. नव्या पट्ट्याने वरचा वेगही थोडा वाढेल.

शेजारचा डेक्लन भिंतीवरून डोकावून म्हणतो, "शी'ज ग्रँड, लीव्ह हर अलोन!" ग्रँड म्हणे! या आयरिश लोकांचं घर जळत असलं तरी ग्रँडच असतं.

चंद्रहास चहाचे कप घेऊन बाहेर आला आणि पायरीवरच्या पान्यांच्या डब्याला धडकला. एवढा मोठा लाल डबा! "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हटलं. हसला नुसता. त्याच्या त्या हसण्यावर मी गेली बावीस वर्षं रागवायचं विसरते.


२५ सप्टेंबर, गुरुवार

पार्सल आलं!! टेबलावर सगळं मांडून बसले. किती देखणं व्हेरिएटर! चंद्रहास येऊन समोर बसला. "ऐक ना, एक बोलायचं होतं." मी म्हटलं, "आधी हे बघ, हातात घेऊन बघ." त्याने घेतलं, बोटं फिरवली. "छान आहे गं," म्हणाला. मग काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं.


१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सुट्टी नव्हती, पण माझी शिफ्ट नव्हती, तेवढं पुरे.

पाटावर लाल कापड, त्यावर माझे पाने, टॉर्क रेंच, फॅक्टरीतल्या जयेशने ब्लँचर्डस्टाउनहून आणून दिलेली नट खोलायची गन, आणि मधोमध ठमीचं काढलेलं झाकण आणि नवे भाग. मी ते खोलूनच ठेवले होते, लगेच बसवता यावेत म्हणून. पूजा चंद्रहासने केली. आमच्याकडे तीच पद्धत, हत्यारं माझी आणि पूजा त्याची. सासरे होते तेव्हा त्यांनाही याचं भारी कौतुक. "कुंकू फक्त झाकणाला लाव हं," मी स्वयंपाकघरातून ओरडले. "हो हो!" तुपात कालवलेलं कुंकू, झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती. संध्याकाळच्या त्या उजेडात वाकून, एकेका पान्याला बोट लावत होता. किती मन लावून करतो प्रत्येक गोष्ट!

प्रेसमधला, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातला, नारळ मात्र कुजका निघाला. असो.


४ ऑक्टोबर, शनिवार

सत्यानाश!

पाऊस येणार म्हणून घाईघाईत सगळं बसवलं. स्टार्टर मारला. ठमी नुसती बोंबलतेय, जागची हलत नाही. इंजिन वर वर आणि चाक ढिम्म! वर रबर जळाल्याचा वास. विकणाऱ्याला सणसणीत मेल लिहिली. चंद्रहास म्हणाला, "पाठवू नकोस लगेच." पाठवली नाही. जेवलेही नाही धड. त्याने वरणभात कालवून पुढे ठेवला तेव्हा दोन घास खाल्ले.


५ ऑक्टोबर, रविवार

काय सांगू! उघडलं तर आत कुंकू!

झाकणाला नाही, पुलीच्या आतल्या गुळगुळीत बाजूला, जिथे पट्टा घासतो बरोब्बर तिथे. तूप आणि कुंकू. तिथे तुपाचा थेंबही चालत नाही, पट्टा घसरतो. नवाकोरा पट्टा तूप पिऊन लालबुंद! दिवसभर मी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, धुळीचा कण जाऊ नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून फिरते आणि घरी माझ्या पट्ट्याला साजूक तूप!

इतकी हसले की अंगणात फतकल मारून बसले. आणि मीही किती शहाणी, बसवताना सगळं लक्ष रोलरांकडे. "अरे, झाकणाला सांगितलं होतं ना!" तर केविलवाणा चेहरा करून म्हणाला, "मला ते झाकणच वाटलं गं." चकचकीत पुलीला हा माणूस झाकण म्हणतो! इंजिनिअरचा नवरा आहेस ना रे तू?

तो हसला नाही. "सॉरी," म्हणाला. फारच मनाला लावून घेतलं. मग मीच जवळ गेले, त्याच्या नाकाला काळा हात लावला. तेव्हा कुठे हसला.

विकणाऱ्याची मेल खोडली. पुली स्पिरिटने पुसून लख्ख केली. पट्टा नवा मागवला.


११ ऑक्टोबर, शनिवार

उडते! ठमी उडते!!

पहिली चक्कर मीच मारली. हँडल पिळलं आणि हिने असा झोका घेतला की माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. लूकन गावातून वर येतानाचा चढ, जिथे ती मुंगीच्या पावलाने यायची, तिथे बसला मागे टाकलं. किती वर्षांनी स्कूटर चालवली! इथे आल्यावर लायसन्स आम्ही दोघांनी काढलं होतं, आणि आधी पास मी झाले होते. शिफ्टमुळे कार घेतली आणि सुटलंच ते. हेल्मेटमध्ये एकटीच मोठमोठ्याने हसत होते.

इन्शुरन्सवाल्यांना आधीच फोन करून बदल कळवले होते. पलीकडचा पोरगा म्हणतो, "इज इट फॉर रेसिंग?" म्हटलं, नाही रे बाबा, नवऱ्यासाठी.

चंद्रहास फाटकाशी उभा होता. मी जोरात येऊन समोर थांबले तर दचकला एकदम. "कशी आहे?" "तू कॉलेजमधल्यासारखी दिसतेयस," म्हणाला. या वयात लाजवतो मला.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

चार दिवस झाले. साहेब तेवढेच उशिरा. उलट जास्तच!

आज आला तेव्हा बाहेर अंधार गुडूप. विचारलं तर म्हणे ट्रॅफिक. कुठलं ट्रॅफिक? मी त्याच रस्त्याने भाजी घेऊन आले. मुक्ताला फोन लावला, तर म्हणे, "आई, यू आर गॅस! मे बी ही जस्ट लाइक्स द स्पिन." म्हणजे मी विनोदी आणि बापाला फेरफटका आवडतो. बापाचीच बाजू. मी मराठीत भांडते, ती इंग्रजीत हसते.

खरं सांगू? वाईट वाटलं. एवढं राबून मी याला अर्धा तास मिळवून दिला आणि तो अर्धा तास हा कुठे घालवतो? घरी यावंसं वाटत नाही का याला? मुलगी गेल्यावर माझ्याशी बोलायला काही उरलं नाही की काय?

छे! असलं काही लिहायचं नाही. पण लिहिलं.


१८ ऑक्टोबर, शनिवार

बसल्या बसल्या हेल्मेटची काच पुसत असतो हल्ली. फडकं, फुंकर, परत फडकं. "ओरखडे पडलेत," म्हणाला. शहरात जाऊन नवी काच आणली. लावून बघितली त्याने. "आता स्वच्छ आहे," म्हणाला, पण आवाजात काही दम नव्हता.

मग म्हणाला, "मी काय म्हणतो, ठमी..." मी म्हटलं, "ठमीला आता नावं ठेवलीस तर बघ!" परत फडकं हातात घेतलं बिचाऱ्याने.


२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. ओवाळलं. निरांजन वर नेलं तर डोळे मिटून मान फिरवली. "ताट जरा खाली घे, ज्योत डोळ्यांत जाते." माझ्या नवऱ्याचे नखरे!

"ओवाळणी काय हवी?" म्हणाला. मी म्हटलं, "साडी नको, सोनं नको. कामावरून सरळ घरी ये. मला तू हवास, बास." बोलून गेले खरी, मग माझेच डोळे भरले. त्याने ताट काढून ठेवलं, माझे दोन्ही हात धरून बसला. काहीतरी सांगणार असं वाटलं, तेवढ्यात व्हिडिओवर मुक्ता आली, "हॅपी पाडवा!" करत.


२६ ऑक्टोबर, रविवार

रात्री घड्याळं मागे गेली. पाचालाच अंधार. दरवर्षी या दिवशी माझं डोकं फिरतं.

उद्या बँक हॉलिडे. परवा मला सुट्टी. डोक्यात एक विचार आलाय. बसने सिटीवेस्टला जायचं, स्वतःचं हेल्मेट घेऊन, आणि त्याच्या मागे बसून घरी यायचं. एक तर मागे माणूस बसल्यावर पिकअप कसा मिळतो ते कळेल. आणि दुसरं म्हणजे साहेब नक्की कुठे थांबतात तेही कळेल! त्याला सांगितलं. आधी नको नको म्हणाला. मग एकदम म्हणाला, "ये. बरंच होईल."


२८ ऑक्टोबर, मंगळवार

कुठेच थांबत नाही तो. फक्त वाट बघतो.

राउंडअबाउटवर उभे होतो. गाड्या संपल्या, रस्ता मोकळा. "जा ना!" मी म्हटलं. तर मान न वळवता म्हणाला, "आता कुणी येत नाहीये ना गं?" मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. बाजूला घ्यायला लावलं, काच वर केली. समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं म्हणे, काही म्हणजे काही दिसत नाही. उन्हाळ्यापासून. रोज एकेक गाडी जाऊ द्यायची, मग निघायचं.

आणि मी त्याला वेग देत होते! इतकी ओरडले, इतकी ओरडले! कुणाला काही झालं असतं तर? तुला झालं असतं तर?? सांगितलं का नाहीस?

"सांगायलाच यायचो. पण तू ठमी घेऊन बसलेली असायचीस, इतकी खुशीत. तुझा चेहरा तेवढा स्पष्ट दिसायचा."

मी तिथेच रडले, रस्त्यावर. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मोतीबिंदू असू दे देवा, दुसरं काही नको.

मग म्हटलं, उतर. मी पुढे बसले, तो मागे. दोन्ही हातांनी मला घट्ट धरून. दोघांना घेऊन ठमी काय सुटली! आणि आम्ही लवकर घरी आलो.