घोडीसाठी मध्यम कडक

२ तारीख, सकाळी
ताईच्या खुब्याचं ऑपरेशन उद्या. तिची म्हातारी घोडी माझ्या हवाली. जाताना एकच घोकवून घेतलं: रोज सकाळी लीद आणि ओला पेंढा काढ, कोरडा पसर, ती रोज थोडा वेळ तरी आडवी झाली पाहिजे. मी म्हटलं, ताई, गाद्यांच्या दुकानात माझा जन्म गेला. झोप हा माझा विषय आहे.
निश्चय: पहाटे उठणे. तबेला आरशासारखा ठेवणे.

४ तारीख
पहाटे उठलो नाही. ऑपरेशन छान झालं, त्या आनंदात गाढ झोप लागली. पेंढा उपसताना कंबर धरली. शिवाय घोडीने अर्धं अंथरूण खाऊन टाकलं. इतकी वर्षं गाद्या विकल्या, पण गादी खाणारं गिऱ्हाईक आजवर आलं नाही. पेंढा ही जुनाट पद्धत आहे. (कंबरेचा या मताशी संबंध नाही.)

६ तारीख
सुताराच्या कारखान्यातून लाकडाचा भुसा आणला. रंध्याचे जाड छिलकेही होते, पण ते टोचतील. मी सगळ्यात बारीक निवडला, अगदी पिठासारखा. तळहाताने दाबून पाहिला. मऊ, एकसारखा, दिसायला फर्स्ट क्लास. वरवरची लीद उचलली की काम संपलं. बायको तबेल्याच्या दारातच शिंकली. तिला नवीन काही सहनच होत नाही.

८ तारीख
घोडी खोकते. हवा बदललीये.
आडवीही होत नसावी, अंगाला भुशाचा कण नाही. पण घोडे उभ्यानेच झोपतात, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. संध्याकाळी ताईचा फोन. आडवी होते का रे? मी म्हटलं, आडवी? अगं, घोरते! ताई म्हणाली, मग आज मलाही झोप लागेल. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

९ तारीख
भुसा बाहेर काढला. दुकानातून शोरूमची डबलबेडची फोमची गादी आणली. दहा वर्षांची गॅरंटी. मध्यम कडक. आधी स्वतः लोळून पाहिलं, अप्रतिम. घोडी भिंतीला चिकटून उभी. होईल सवय. गिऱ्हाइकांनाही आठवडा लागतो.

१० तारीख, सकाळी
घोडीने गादीचा उपयोग फक्त मुतण्यासाठी केला. फोम सगळं पितो, परत काही देत नाही. गॅरंटी कार्डात याचा उल्लेख नाही.
खोकला आहेच. उभ्या उभ्या डुलकी लागली आणि पुढचे पाय मुडपून पडता पडता वाचली. सांधे खरचटले. नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मला ते बघवेना. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

दुपारी
डॉक्टर येण्याआधी गादी मागच्या भिंतीवर वाळत टाकली. ते म्हणाले, खोकला धुळीचा आहे आणि ही कित्येक दिवस आडवी झालेली नाही; घोडा उभ्याने पेंगतो, गाढ झोप आडवं होऊनच लागते. खाली काय घालता? माझ्या तोंडून निघालं, ताईने ठेवलेला पेंढा, बुरसटला असेल कदाचित.
मुद्दाम म्हटलं नाही. तोंडून गेलं.

११ तारीख
डॉक्टरांनी ताईला कळवलं. नको तितका कर्तव्यदक्ष माणूस! मग ताईचा मला फोन. रडत होती. म्हणाली, माझ्याच हातून झालं रे हे, आणि निस्तरतोयस तू. वर माझ्या कंबरेची चौकशी केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रेंज गेली. (रेंज होती.)
निश्चय: उद्या नक्की सांगणे.

१२ तारीख
सांगितलं नाही. आजारी माणसाला त्रास कशाला?
पण ताईच्या ढिगातला पेंढा आणला. नाकाला लावून पाहिला, बुरशीचा मागमूस नाही. धूळ झटकून झटकून गुडघाभर घातला. कंबर गेली कामातून, जाऊ दे. घोडीने हुंगलं, थोडं खाल्लं आणि गुडघे मुडपून धप्पकन आडवी झाली. मी दारात बसून रडलो. बायकोला सांगितलं, डोळ्यात भुसा गेला. ती म्हणाली, भुसा तर कधीच काढला ना?

१५ तारीख, संध्याकाळी
ताई घरी आली. वॉकर टेकत आधी तबेल्याकडेच निघाली. मी कबुलीचं भाषण पाठ करून ठेवलं होतं. पण वाटेत मागच्या भिंतीवरची गादी आडवी आली, दुकानाचं लेबल दर्शनी. ताई थांबली. वास घेतला. मग हळूच विचारलं, पेंढा बुरसटलेला नव्हता ना रे? मी म्हटलं, नव्हता. आणि घोरत नव्हती? नव्हती. भाषण तिथेच संपलं.
जरा वेळाने मी विचारलं, रागावलीस? ती म्हणाली, मला काय विचारतोस, तिला विचार. आत घोडीला खोकल्याची उबळ आली.
ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त एवढंच म्हणाली की खोकला जाईपर्यंत रात्री तिच्याजवळ कुणीतरी झोपायला हवं. बायकोने लगेच भिंतीवरची गादी काढून तबेल्याच्या दारात अंथरली.
मध्यम कडक. अजून वाळलेली नाही.