आबाच्या नावाचा पुठ्ठा

१० फेब्रुवारी १९४६

प्रिय राधूदादा,

मी चोरी केली. आदी हे सांगतो, मंग बाकीचं. वाचनालयाच्या प्रदर्शनातला एक पुठ्ठा उचलला, घरी आनून चुलीत घातला, आन त्याच्या जागी माज्या हातानं लिवलेला खोटा पुठ्ठा ठिवला. आता तू कपाळाला हात लावशील, छगन्या काय सुदरायचा न्हाई म्हनशील. म्हन. पन समदं वाचून मंग म्हन. मला राग आलाय, आन तो निस्ता काकासाहेबावर न्हाई, तुज्यावर बी हाय.

आपल्या गावच्या वाचनालयात आठ दिस प्रदर्शन हुतं, गावचा इतिहास आन कला म्हनून. काकासाहेब वाचनालयाचे चिटनीस, त्यांनीच समदं मांडलं. गंजक्या तलवारींना खोबरेल चोपडलं, जुनी नानी मखमलीवर ठिवली, आन भिंतीवर जावयानं रंगवलेला सूर्यास्त टांगला. तो मी पैल्याच दिवशी उलटा करून टाकला. दोन दिस तसाच हुता. लोक माना डोलवून वा वा म्हनत हुते. जावई सोता येऊन बगून गेला, त्याला बी कळलं न्हाई. तवर मी निस्ती मजाच करत हुतो.

तिसऱ्या दिवशी आबाला घिऊन गेलो. तो येत नव्हता. आपलं काय काम तिथं, म्हनत हुता. मीच दंडाला धरून वढला. तर मदल्या मेजावर एक जातं, त्याला झेंडूचा हार, आन म्होरं पुठ्ठा: "शिवकालीन जाते. काकासाहेबांच्या घराण्यात तीनशे वर्षांपासून." आरं दादा, कंचं जातं सांगू? वर येलबुट्टी कोरलेलं. काकासाहेबाच्या भनीच्या लग्नाची हळद दळायला नवं जातं पायजे म्हनून आबानं महिनाभर उकिडवं बसून घडवलं, तेच. मी तवा जलमलो बी नव्हतो, पन तू सात वर्साचा हुतास. कडंला आबाची खून हाय, टाकीचे तीन ठोके वळीनं. आन चौथा वाकडा. तो तुजा. आबा पानी प्यायला उठला आन तू टाकी घिऊन हानलीस. आबा ही गोष्ट अजून सांगतो. आयाबाया झिजून गुळगुळीत झालेलं जातं टाकवून घ्यायला यायच्या तवा प्रत्येकीला सांगायचा. आता गावात पिठाची गिरनी झाली, टाकवायला कोन येत न्हाई, म्हनून मलाच परत परत सांगतो. काकासाहेब इसरला म्हनशील, तर इसरंल कसा? आबाला बोलवायला तोच आल्ता आपल्या दारात. आन लग्नात पंगत उठल्यावर आपल्याला गोठ्यापाशी पत्रावळी वाढल्या, ते तरी तुला आठवतंय का?

आबाची बोटं त्या चौथ्या ठोक्याकडं गेली. तवर दारातनं शिपाई वरडला, "ए म्हाताऱ्या, हात लावू नगं. तीनशे वर्साचं हाय ते." आबानं चटका बसल्यावानी हात मागं घेतला. "व्हय मालक," म्हनला. शिपायाला मालक. भायेर आल्यावर मी म्हनलो, "आबा, मी घडवलंय म्हनून सांगायचं न्हाई का?" तर म्हनतो, "आरं, त्यांला तीनशे वर्साचं वाटलं, म्हंजी काम बरं झालं आसंल." आन हसला. मला हसू आलं न्हाई. माज्या डोक्यात घन बसत हुते.

शेवटच्या दिवशी सकाळी शिपाई अंगनात पानी मारत हुता. मी आत शिरलो आन पुठ्ठा बदलला. कोरा पुठ्ठा काकासाहेबाच्याच मेजावरचा, शाई बी त्याचीच. काय लिवलं ते सांगतो: "जाते. घडविणार पुंजाराम टाकारी, याच गावचे. सन १९२६. त्यांच्या कारागिरीबद्दल वाचनालय त्यांचे आभारी आहे." चौथीत दोनदा बसलेल्या पोराला इतकं सुद्द कसं जमलं म्हनशील. शब्द उचलले दुसऱ्या पुठ्ठ्यांवरनं. अक्षर मातर तुजं. बोरूचं वळन तूच माज्याकडनं घोटवून घेतलंस, कानाखाली वाजवून वाजवून.

दुपारी काकासाहेब जेवायला घरी गेल्याचं बगून आबाला परत आनलं. मिशनच्या शाळेतले शांतवन मास्तर तिथं हुते. त्यांनी पुठ्ठा मोठ्यानं वाचला. आबा म्हनला, "मास्तर, परत वाचा." मास्तरांनी परत वाचला. भवती धा-बारा मानसं गोळा झाली, शिपायानं सोता बाकडं म्होरं सरकवलं. आबा काय त्याच्यावर बसला न्हाई. समद्यांदेखत म्हनला, "पन मास्तर, भोक जरा तिरपं पडलंय बगा. लग्नाची घाई हुती." आन मंग चारी ठोक्यांवरनं हात फिरवला. कोन वरडलं न्हाई. सांजच्याला शिपाई पुठ्ठे काढून पाटीत टाकत हुता, आबानं आपला मागून घेतला. शिपायानं बगितलं बी न्हाई. आबा तो धुतल्या फडक्यात गुंडाळून उशाला ठिवतो. वाचता येत न्हाई, तरी दिसातनं दोनदा उघडतो.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबाला पुठ्ठ्याचं कळलं. पुठ्ठा कुनी बदलला म्हनून शिपायाला फैलावर घेतलंय, पन वहीम माज्यावरच हाय. मला धरून झोडपलं तरी चालंल, माजी पाठ सवयीची हाय. पन आबानं नवंच काढलंय. वाचनालयानं माजे आभार मानले, मी बी कायतरी दिलं पायजे, म्हनून त्यांच्यासाठी दगडी खलबत्ता घडवतोय. मी म्हनलो, "वाचनालयात काय पुस्तकं कुटत्यात व्हय?" तर माज्यावरच खेकसला. खलबत्ता झाला की सोता नेऊन देनार हाय. आन काकासाहेब त्याला चार मानसांत सांगंल, का म्हाताऱ्या, हे तुज्या पोराचं कारस्तान हाय, तुजे आभार कुनी मानलेले न्हाईत. दादा, हे आबाच्या कानावर पडलं तर तो परत टाकी धरनार न्हाई.

आता तुज्यावरचा राग. दिवाळीला बेलापूरला तुज्या बिऱ्हाडी आल्तो, तवा शेजारच्या बाई म्हनल्या, "राधाकृष्णरावांचे वडील कंत्राटदार ना?" तू खाली मान घालून पान चघळत बसलास. मी व्हय म्हनलो. ते खोटं तुज्यासाठी बोललो. काकासाहेबानं आबाचं नाव झाकलं, आन वखारीत कारकून झाल्यावर तू बी तेच केलंस. त्यानं निदान दगड तरी मेजावर मांडला.

म्हनून हे पत्र. तुला आबाची लई आठवन येती, बोलावलंय, असं मी त्याला सांगितलंय. ते बी खोटंच. बेस्तरवारच्या शेवगावच्या सर्व्हिस मोटारीनं तो निगनार. खलबत्ता अर्धा हाय, तो मी लपवतो. काकासाहेब पुढल्या सोमवारी पुन्याला लेकीकडं जानार हाय, महिनाभर. तो जाईस्तोवर आबाला तिथं ठिवून घे, मंग त्याच्या माघारी आबा खलबत्ता दिऊन मोकळा हुईल. आल्याबरोबर तो फडकं सोडंल, तुला पुठ्ठा दाखवंल, शेजारच्या बाईला बी दाखवंल. तुज्याकडनं मोठ्यानं वाचून घील. तू अक्षर बगताच वळखशील. वळखू नगंस. वाच, आन परत वाच म्हनला तर परत वाच. बाईंना सांग, हे माजे वडील, टाकारी हायेत, आन कडंचा चौथा ठोका माजा हाय. तेवडं एक तरी खरं बोल. बाकीचं कुनाला सांगू नगं. वैनीला न्हाई, वखारीत न्हाई, कुनालाच न्हाई. पाया पडतो तुज्या. पत्र वाचून झालं की चुलीत घाल, त्या पैल्या पुठ्ठ्यावानी.

तुजाच, कानाखाली खाऊन अक्षर शिकलेला,
छगन