कुंपणाकडची लाल फुलं

आई,

तुझी नात कॅनडाच्या सैन्यातून लाटव्हियाला गेली. तिला विमानतळावर सोडून आले तेव्हापासून मला भीती वाटते आहे, आणि ती सांगायला तूच आठवतेस. घाबरलेली आई मी पहिल्यांदा पाहिली ती तूच.

इथे कॅनडात, रेजिना शहरातला तो उन्हाळा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ड्रेनेजचा पाइप बदलायला आपलं बॅकयार्ड कुंपणापर्यंत खणलं होतं, आणि त्या उकरलेल्या मातीत कुणी न पेरता लाल फुलं आली. कागदासारख्या पातळ पाकळ्या, मधे काळं, देठावर लव. मी तुला हाक मारते, तू खिडकीतून बघतेस आणि तुझा चेहराच उतरतो. तुझ्या माहेरी, माळव्यात, अफूची शेतं होती; परवाना नसलेल्या माणसाला पोलिसांनी बेड्या घालून नेलेलं तू लहानपणी पाहिलं होतंस. बाबांची नोकरी जाईल, आपल्याला परत पाठवतील, असं पुटपुटत तू अनवाणीच बाहेर धावलीस आणि रोपं मुळासकट उपटायला लागलीस. मला म्हणालीस, पिशवी आण, कुणाला दिसता कामा नये.

पण दिसलंच. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. तुझं इंग्रजी बेताचं, म्हणून दोघींच्या मधे मी. त्या म्हणाल्या, ही अफू नव्हे, ही साधी रानटी पॉपी, युरोपात गव्हाच्या शेतात तणासारखी उगवते. आपलं घर बांधण्याआधी ती जागा मोकळी असताना त्यांनीच बी टाकलं होतं. ते मातीखाली वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जमीन उकरली की उगवतं. पहिल्या महायुद्धात तोफांनी शेतं अशीच उकरली गेली आणि पोरांच्या थडग्यांमधून ही फुलं वर आली; नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत सगळे कोटाला लावतात ते हेच. त्यांचा थोरला भाऊ तिकडेच पुरलेला होता.

हातातली रोपं तशीच धरून तू मला म्हणालीस, "त्यांना विचार, त्यांच्या आईनं त्याला जाऊ कसं दिलं?"

मला संकोच वाटला, तरी विचारलं. बाई म्हणाल्या, "ती नाही म्हणाली नाही. त्याला डबा बांधून दिला आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. तो दिसेनासा होईपर्यंत बाहेर आली नाही."

तू त्यांना आत बोलावून चहा दिलास. उपटलेली रोपं परत लावून पाहिलीस, पण संध्याकाळपर्यंत त्यांनी माना टाकल्या. पुढे दर नोव्हेंबरात तू कोटाला पॉपी लावायचीस, आणि मला वाटायचं, इथली रीत म्हणून लावतेस.

मुलीनं जाण्याचं सांगितलं तेव्हा मी पोहे भिजवत होते. "मॉम, इट्स मोस्टली ट्रेनिंग," ती म्हणाली. मी म्हटलं, जाड जॅकेट ने. एवढंच म्हटलं. ती झोपल्यावर नकाशा उघडला आणि तिथून रशियाची सीमा किती जवळ आहे ते पाहून पुन्हा बंद केला. यंदा ग्रोसरीच्या दुकानात एक म्हातारे सैनिक कोटाला लावायची नकली पॉपी देत होते. त्यांनी प्रेमानं विचारलं, घरात कुणी सैन्यात आहे का. फूल मुठीत धरून मी गाडीत येऊन बसले, टाचणी तळव्याला टोचत होती.

ती आठवड्यातून एकदा फोन करते, हसते, तिथल्या जेवणाला नावं ठेवते. फोन ठेवला की माझी भीती पुन्हा सुरू. तू गेलीस, हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुला खरं ते सांगते. सैनिक गेल्याचं सांगायला सैन्याची माणसं घरी येतात, म्हणून गल्लीत अनोळखी गाडी थांबली की मी दिवे घालवून आतल्या खोलीत बसते. दार उघडलंच नाही, तर कुणी काही सांगू शकणार नाही, असं वाटतं. काल बेल वाजली. पुन्हा वाजली. मी उठले नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं, तर मीच मागवलेलं सामान पायरीवर होतं, आणि बाहेरच्या थंडीत दूध गोठून दगड झालं होतं.