पोतेवाल्याचे चित्र आणि नामाजीचा खून

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
जिल्हा हिंगोली.

अर्जदार : रागिणी हरिचंद कावरखे, चित्रकला शिक्षिका, रा. गोरेगाव, ता. सेनगाव.

विषय : मेंढपाळ नामाजी यांच्या खुनाबाबत प्रत्यक्षदर्शी म्हणून जबाब नोंदवून घेणेबाबत.
संदर्भ : अनोळखी जमावाविरुद्ध दाखल असलेला गुन्हा.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार जुन्या बालरहस्यकथांच्या चित्रकादंबऱ्या काढते. मुले नुसता मजकूर वाचायला कंटाळतात, चित्रांवर मात्र तुटून पडतात, म्हणून हा उद्योग. यंदाच्या गोष्टीत खांद्यावर पोते टाकून हिंडणारा एक दाढीवाला आहे. गावातली पोरे त्याला मुले पळवणारा समजून त्याचा माग काढतात. शेवटी पोत्यातून कल्हईला आणलेली पितळी भांडी निघतात. पोरे ओशाळतात, दाढीवाला हसतो.

त्यातल्या एकाच पानाचा कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. दाढीवाला, पोते, मागे रडणारे लेकरू. खाली लिहिले, 'हा माणूस आपल्या भागात फिरून राहिला, सावध.' हे गोष्टीतले चित्र आहे, असे अर्जदाराने दिसेल त्या ग्रुपवर कळवले. कोणी लक्ष दिले नाही.

दि. १२ जानेवारीच्या सकाळी अर्जदार शाळेला जाण्यासाठी फाट्यावर जीपची वाट पाहत होती. औंढ्याकडचे मेंढपाळ नामाजी तेथून चालले होते. दाढी वाढलेली, खांद्यावर पोते. वाटेत व्यालेल्या मेंढीचे कोकरू त्यात होते. चहाच्या टपरीवरच्या एकाने मोबाईल काढून चित्र पाहिले, माणूस पाहिला. तेवढ्यात पोत्यातून कोकरू ओरडले. कोवळ्या कोकराचा आवाज लेकरासारखा असतो, हे आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या सकाळी ते कोणालाच आठवले नाही.

पहिली काठी गुडघ्यावर बसली. नामाजी खाली पडून ओरडले, "आरं कोकरू हाय! सोडून तर पाहा!" पोते कोणी सोडले नाही. त्यावरही लाथा पडल्या आणि आतला आवाज थांबला. मग तेवढ्यात येऊन थांबलेल्या जीपमधली, चाक खोलायची लोखंडी टामी आली व नामाजींच्या डोक्यात बसली. अर्जदार त्यांच्या अंगावर आडवी पडली. टामीवाल्याने तिला ओळखले, तरी हात आवरला नाही. तिच्या उजव्या हाताचे हाड मोडले. नामाजींचे रक्त तिच्या तोंडात गेले. "शालू... मेंढरं..." एवढेच ते बोलले. दवाखान्यात पोचेपर्यंत जीव गेला होता.

चौकशीत सर्वांनी एकच सांगितले, "आमी तिथं नव्हतो." त्यामुळे गुन्हा अनोळखी जमावावर आहे. नामाजींच्या पत्नी शालूबाई चित्र पाहण्यासाठी अर्जदाराच्या घरी आल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "ह्यो माझा माणूस न्हाई. मंग काहून मारलं, बाई?"

आता काही मंडळी पुस्तकावर बंदी मागत आहेत. घालावयाची असल्यास घालावी, अर्जदाराची हरकत नाही. परंतु टामी पुस्तकाने उचललेली नाही. ती योगेश हरिचंद कावरखे याने उचलली. तो अर्जदाराचा सख्खा भाऊ आहे.

हा अर्ज देण्यापूर्वी, काल जेवताना, अर्जदाराने त्यास सांगितले. तो म्हणाला, "आक्का, मी लेकरू वाचवाया गेलो व्हतो. सख्ख्या भावाला फासावर देतीस व्हय?" आई ताटावरून उठली. अर्जदार म्हणाली, "व्हय."

तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदाराचा जबाब आजच्या आज नोंदवून घ्यावा. उद्यापर्यंत तिची हिंमत टिकेल याची तिला खात्री नाही. योगेश तिच्या पाठचा आहे.

आपल्या कार्यालयाबाहेरील बाकावर बसून असलेली,
रागिणी हरिचंद कावरखे
(सही डाव्या हाताने)
दि. २७ जानेवारी

सोबत :
१. मोडलेल्या हाताचा एक्स-रे
२. त्या दिवशीची साडी, न धुतलेली