टाचेचा गिअर

लोणखेडा,
रविवार

प्रिय अमृत,

फोनवर गाडीचं नाव काढलं की तू विषय बदलतोस. पत्रात तुला ते जमणार नाही, म्हणून हा खटाटोप. मी क्रूझर मोटारसायकल घेतली आहे, साडेतीनशे सीसीची. तुझी रंजनावहिनी म्हणते, ही गाडी नाही, आरामखुर्ची आहे. खोटं नाही. सीट इतकी बुटकी की माझ्यासारख्या ठेंगण्याचेही दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. टाकी आपल्याकडच्या पपईसारखी फुगीर. हँडल रुंद, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायचं. विसरवाडीपर्यंत जाऊन आलो, ट्रक शेजारून गेले तरी गाडी जराही डगमगली नाही.

पण मी भुललो ते गिअरच्या दांड्याला. शोरूममधला भाईदास रंग दाखवत होता आणि मी आपला खाली वाकलेलो. पुढून पंजाने दाबला की गिअर उतरतो, मागून टाचेने दाबला की चढतो. तू म्हणशील, असा दांडा तुझ्या जुन्या गाडीलाही होता. होता, पण तिथे घोटा दुमडावा लागायचा. इथे पाय पुढे असल्याने न वाकणारा घोटाही चालतो. खात्री हवी म्हणून डाव्या घोट्याला लाकडी पट्ट्या करकचून बांधल्या आणि शहाद्याला दोन चकरा मारल्या. रंजनाने कपाळाला हात लावला. गिअर मात्र एकदाही चुकला नाही. तू ही गाडी चालवू शकतोस, हे मी छातीठोकपणे सांगतो.

सहा वर्षांत तू हँडलला हात लावला नाहीस, तो घोट्यामुळे नाही हे मला ठाऊक आहे. मोलगीच्या बाजारातून परतताना गाडी तुझी होती, चालवत मी होतो. घाटात पडलो, तुझा घोटा गेला, आणि दवाखान्यात येईल त्याला तू स्वतःलाच दोष देत सांगत राहिलास, "चूक मन्ही शे, ब्रेकच ढिला व्हता." मग गाडी विकून सुरत गाठलीस.

अमृत, ब्रेक ठणठणीत होता. आपण सगळेच करतो तसं चमचाभर पेट्रोल वाचवायला मी उतारावर गाडी न्यूट्रल केली होती. वळणावर वेग आवरेना आणि गिअर पडेना. चूक माझी होती, आणि सहा वर्षं ती तुला वाहू दिली, ही त्याहून मोठी. मला लाज वाटते. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. दुसरी चावी याच पाकिटात आहे. मोलगीला जाऊ. चालवायचं तू, मागे मी बसेन. उतारावर फक्त गाडी गिअरमध्ये ठेव.

शिव्या खायला तयार असलेला, तुझाच
हेमकांत