मुद्देमालातले बारा डबे

४ फेब्रुवारी १९७४
बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा — सरकारी भाव साडेचौदा. दुकानदार विठ्ठलरावांनी बावीस घेतले! म्हणाले, बेळगावहून आणतो, त्या भावात परवडत नाही, नको असेल तर राहू द्या. राहू देऊन जाऊ कुठं? इंदूला टायफॉइड, अंगावरचं दूध आटलंय, गाईचं बेबीला पचत नाही. घेतला. पण शाळेतून येताना पुरवठा कचेरीत तक्रार देऊन आलो.

९ फेब्रुवारी
विठ्ठलरावांच्या दुकानावर धाड. बारा डबे जप्त, दुकानाला सील, त्यांना अटक. शाळेत सगळ्यांनी पाठ थोपटली.

१५ फेब्रुवारी
डबा संपत आलाय.

१६ फेब्रुवारी
सारी हुबळी पालथी घातली. कुठंच नाही. दाजिबानपेठेत एकानं तोंडावर सांगितलं — साडेचौदात विकून तोटा, जास्त घेतले की तुमच्यासारखा तक्रार करणार. आणायचाच कशाला?

१८ फेब्रुवारी
कचेरीत गेलो. ते बारा डबे तिथंच, कपाटाखाली, गोणीत. लाखेची मोहर. एक तरी द्या म्हणून हात जोडले. कारकून वाईट माणूस नाही. म्हणाला, "आगूदिल्ल री, जमायचं नाही. मुद्देमाल आहे. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत हात लावता येत नाही."
निकाल कधी? वर्ष, दीड वर्ष.
बेबी चार महिन्यांची आहे.

२० फेब्रुवारी
पेजेचं पाणी देतोय. आता ती रडतही नाही. नुसती बघते.

२१ फेब्रुवारी
विठ्ठलराव जामिनावर सुटलेत. घरी गेलो. डबे आहेत त्यांच्याकडे, आतल्या खोलीत. पन्नास देतो म्हणालो — मी!
"पैसे नकोत, मास्तर. जास्त घेतले नव्हते, एवढं लिहून द्या."
कागद टाइप करून तयारच होता. सही केली. मग त्यांनी डबा दिला, आणि साडेचौदा रुपये मोजून घेतले.

२३ फेब्रुवारी
बेबी दूध पिते. इंदू हसली. मी तिला काही सांगितलं नाही. वर्गात नागरिकशास्त्राचा तास होता, मुलांना वाचत बसायला सांगितलं. मान वर करवेना.

२४ फेब्रुवारी
सकाळी शेजारची जयलक्ष्मी आली. जुळी तिची, दूध पुरत नाही. सर, तुम्हाला डबा मिळाला म्हणे, वाटीभर पावडर द्याल का?
"नाही हो, आमच्याकडेही नाही," म्हणालो.
ती गेल्यावर डबा ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं.