दूरध्वनी सुस्थितीत आहे

पिंप्राळा, जळगाव
१२ फेब्रुवारी १९९२

प्रिय पंडित,

‘प्रिय’ हे विशेषण मायन्यात लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिले. त्यातून अधिक अर्थ काढू नकोस. तुझे अंतर्देशीय पत्र काल मिळाले. पत्र व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. माझ्या शिकवण्यातले एवढे तरी तुझ्यात टिकले, याची नोंद घेतली. मागच्या रविवारी तू बडोद्याहून फोन केलास, मी उचलला, आणि मला काही ऐकू आले नाही, याबद्दल तू दूरसंचार खात्यावर जवळजवळ सबंध पत्र खर्च केले आहेस. सरकारी खाती अशीच चालायची, ही सगळी खाजगी कंपन्यांना देऊन टाकली पाहिजेत, दिल्लीचे नवे धोरण योग्य दिशेने चालले आहे, मी एक्सचेंजकडे लेखी तक्रार करावी, असे तुझे म्हणणे. शेवटी उरलेल्या जागेत, चिकटवण्याच्या घडीवर, ‘आईची प्रकृती कशी आहे ते कळवावे’ असे एक वाक्य आहे. तुझी आई संक्रांतीनंतर अर्धांगाने अंथरुणाला खिळली आहे, तिची वाचा गेली आहे, आणि तुझा आवाज एकदा कानावर पडावा यापलीकडे तिला या जगात काही नको आहे, हे तुला ठाऊक असूनही तू खात्याला पान दिलेस आणि तिला घडी दिलीस. असो. तू विषय खात्याचा काढला आहेस, तेव्हा आधी खात्याचेच पाहू.

मी सरकारचा भाट नाही. गॅसच्या टाकीसाठी नंबर लावून माणसाने चुलीवरच म्हातारे व्हावे अशी इथली व्यवस्था आहे. वीज भर परीक्षेच्या दिवसांत जाते. बँकेत आता काचेच्या खोलीत संगणक बसवला आहे. तेव्हापासून कारकून तोंड वर करून बोलत नाही, आणि माझे नाव त्या यंत्राने असे छापले आहे की ते मी माझे म्हणून वाचूही शकत नाही. रस्त्यावरून केबलच्या तारा झाडांना गुंडाळत नेल्या आहेत आणि त्या तारांतून जे येते ते पाहण्यासाठी शेजारच्या कुंदाबाईंच्या घरी सबंध गल्ली जेवणे टाकून बसते. या सर्वांविषयी माझी मते तुला माहीत आहेत. परंतु ज्याचा दोष त्याच्या माथी, हा नियम मी वर्गात पाळला आणि घरातही पाळतो. म्हणून सांगतो, आपल्या दूरध्वनीच्या बाबतीत खाते निर्दोष आहे.

हा फोन तू घेतलास. जादा अनामत भरून, रांग ओलांडून. ते काळे यंत्र बैठकीच्या कोनाड्यात बसले त्या दिवशी तुझ्या आईने त्याला हळदकुंकू लावले आणि मी हसलो नाही, कारण तिचा आनंद खरा होता. तू तिला म्हणाला होतास, आता येण्याजाण्याची दगदगच नको, रोज भेटल्यासारखे होईल. वाक्याचा पहिला भाग मी ऐकला, दुसरा तिने ऐकला. गल्लीत दुसऱ्या कोणाकडे फोन नसल्याने सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना आपला क्रमांक पी.पी., म्हणजे शेजाऱ्याकडचा निरोपाचा फोन, म्हणून देऊन टाकला. मी डायलला छोटे पितळी कुलूप घातले. बाहेरचे फोन येऊ देत होतो. बाहेर फोन करायचा तर किल्ली माझ्याजवळ. दर रविवारी स्नान झाल्यावर मी कुलूप काढीत असे आणि तुझा क्रमांक फिरवून देत असे, कारण तिला आकडे येत नाहीत.

ती फोन कशी धरते, हे तुला ठाऊक नाही. तू कधी पाहिलेच नाहीस. तारेतून झटका बसेल या भीतीने ती रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरी आणि मोठ्याने बोले. त्यामुळे तू बोललेला प्रत्येक शब्द बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला ऐकू येई. मी तिथेच वर्तमानपत्र घेऊन बसलेला असे. आमच्या लग्नापासून मी तिची भाषा सुधारण्याचा यत्न केला. ती साक्रीकडची, तिच्या तोंडून शेवटपर्यंत शुद्ध वाक्य निघाले नाही. भाऊ, जेवना का? पोरे कशा शेतस? आणि नंतर, दर वेळी, कव्हय येशी? एवढेच तिचे बोलणे. तुझी उत्तरे आधी लांब होती. मग लहान झाली. दिवाळीला तू आला नाहीस. भाऊबीज झाल्यानंतरच्या रविवारी तिने पुन्हा कव्हय येशी म्हटले, आणि तू म्हणालास, आई, ऐकू येत नाही, लाइन खराब आहे, ठेवतो. ती गोंधळली. तिने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला, पाहा म्हणाली, बिघडना. मी तो कानाला लावला. तू अजून ठेवला नव्हतास. तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली. सूनबाईंनी कोण आहे म्हणून विचारले. आणि तू म्हणालास, दुसरे कोण, नेहमीचेच, कधी येतोस कधी येतोस, आता सोय सापडली आहे, लाइन खराब म्हणायचे. मग तू हसलास आणि फोन ठेवलास. पंडित, इतका स्वच्छ आवाज मी या यंत्रातून आधी कधी ऐकला नव्हता.

तुझ्या आईने मात्र तुझे पहिलेच वाक्य खरे धरले. तिने सत्तारला बोलावून घेतले. हा आपल्या भागाचा लाइनमन. भला माणूस, सायकलला शिडी बांधून फिरतो. त्याने खांबावर चढून एक्सचेंजशी बोलून पाहिले आणि म्हणाला, अक्का, लाइन एकदम क्लियर आहे. तिने त्याला चहा दिला आणि चहाबरोबर शिव्याही. तुना तार सडेल शेतस, म्हणाली. पुढच्या रविवारी तू पुन्हा तेच वाक्य टाकलेस, आणि सत्तार पुन्हा आला. त्याने रिसीव्हर बदलला. मग घरातली वायर बदलली. मग यंत्रच बदलले. कुंदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, काय हो अक्का, तुमचा फोन एकट्या पंडितभाऊंनाच बहिरा होतो का, माझा भाचा सुरतेहून शिंकला तरी इथे ऐकू येतं! यावर तुझ्या आईने दिलेले उत्तर मी तिच्याच अशुद्ध शब्दांत लिहितो, कारण ते शुद्ध करून लिहिणे मला जमले नाही: सुरत जवळ शे, बडोदं दूर शे, आवाज वाटमाच मरी जास. माणसाचा आवाज वाटेत थकतो, दमतो, मरतो, अशी तिची समजूत. ती समजूत तिने तुला वाचवण्यासाठी स्वतःच तयार केली होती, हे कळण्याइतके मराठी मला येते.

मी बरेच दिवस काही बोललो नाही. पण एका दुपारी सत्तार पुन्हा खांबावर होता, खाली ती उन्हात उभी राहून त्याला आळशी, फुकट पगार खाणारा म्हणत होती. तो उतरला, घाम पुसत हसून म्हणाला, अक्का, इकडचं बठ्ठं बदललं, आता तिकडचा माणूस बदला. तो थट्टेत म्हणाला. ती त्याच्यावर अशी तुटून पडली की ते मला सहन झाले नाही. एक प्रामाणिक मनुष्य दुसऱ्याच्या लबाडीसाठी शिव्या खात होता. मी तिला त्याच्यासमोरच सांगितले. तार चांगली आहे, यंत्र चांगले आहे, सत्तार चांगला आहे. तुझ्या मुलाला तुझ्याशी बोलायचे नाही. मग तू सूनबाईंना जे म्हणालास ते, शब्द न गाळता, तिला म्हणून दाखवले. ती रडली नाही. आत गेली, सत्तारसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, चुकनं रे भाऊ, तुना गुन्हा नही. त्या रविवारी मी कुलूप काढले तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पुढेही आली नाही. सत्य सांगितल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी तिचा उजवा हात ताटात पडून राहिला आणि तोंड वाकडे झाले. या दोन गोष्टींत मी कार्यकारणसंबंध जोडत नाही. डॉक्टरांनीही जोडला नाही.

तुला तेव्हा मी स्वतः फोन केला. तू विचारलेस, सीरियस आहे का? मी म्हटले, अर्धांग आहे. तू म्हणालास, ते कळले, पण सीरियस आहे का, म्हणजे निघावे लागेल असे काही? तसे असेल तर लगेच फोन करा, फोन त्यासाठीच घेतला आहे. मी म्हटले, ठीक आहे. तिची खाट बैठकीत आणली होती. ती माझ्याकडे पाहत होती. वाचा गेली तरी तिचे कान शाबूत आहेत आणि डोळे पूर्वीपेक्षा अधिक पाहतात. त्या दिवसापासून ती डाव्या हाताने कोनाड्याकडे बोट दाखवी, मग स्वतःच हात खाली घेई, जणू आपण काही चुकीचे मागितले. औषध घेईना. मगन यावलहून आला. माझ्या धाकट्या भावाचा हा मुलगा तुझ्याच वयाचा, केळीच्या बागेचे पाणी दुसऱ्यावर सोपवून आला. तो चमच्याने भरवू लागला तेव्हा ती थोडे गिळू लागली. पण चेहरा भिंतीकडे. आपल्या मुलाला आपण नकोसे आहोत, हे कळलेल्या बाईचा तो चेहरा होता, आणि ते तिला मी कळवले होते.

मागच्या रविवारी तू फोन केलास. आता तुझ्या तक्रारीचा निकाल देतो. मला सर्व ऐकू आले. आबा, आई कशी आहे, बोलता येते का तिला, तिच्या कानाला लावा, असे तू म्हणालास. आवाज स्वच्छ होता, आणि त्यात काळजीही होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ती मान वळवून माझ्याकडे पाहत होती. मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून धरला, की त्यातून काही बाहेर पडू नये, आणि मोठ्याने म्हणालो, ऐकू येत नाही, पंडित, काही ऐकू येत नाही, लाइन खराब आहे. तू हॅलो हॅलो करीत राहिलास. मी तुला शिक्षा करायला निघालो होतो. तुझेच वाक्य तुझ्या कानात ओतावे, एवढाच माझा हेतू होता. फोन ठेवून मी वळलो आणि तुझ्या आईचा चेहरा पाहिला. ती हसत होती. वाकड्या तोंडाने जेवढे हसता येते तेवढे. तिने डाव्या हाताचे बोट माझ्यावर रोखले आणि हलवले, जसे आपण हट्टाने चूक धरून बसलेल्या विद्यार्थ्याला हलवून दाखवतो: मी सांगत होते ना? लाइन खरोखरच खराब होती. तू खोटे बोलला नव्हतास. खोटा मी ठरलो. संध्याकाळी तिने मगनच्या हातून दूधभात खाल्ला आणि कुशीवर वळून, भिंतीकडे पाठ करून, कोनाड्याकडे पाहत झोपली. तेव्हापासून ती अशीच शांत आहे. सत्तार परवा विचारपूस करायला आला तर तिने त्याच्याकडे असे रागाने पाहिले की तो बिचारा हात जोडून उभा राहिला. मी त्याला बाहेर नेऊन सगळे सांगितले, आणि त्याने खांबावरची जोडणी काढून ठेवली. तू आता फोन केलास तर तुला तिकडे घंटा वाजत असल्याचा भास होत राहील. इथे काही वाजणार नाही.

डॉक्टर काल येऊन गेले. औषधे थांबवा म्हणाले. ज्या शब्दाची तू चौकशी केली होतीस तो आता लागू होतो. हे पत्र पोचपावतीसह रजिस्टर करून पाठवीत आहे, कारण टपाल ही एकच सेवा अशी आहे की तिच्यात ‘ऐकू आले नाही’ म्हणता येत नाही. ते तुझ्या सहीने तुझ्या हाती पडेल तेव्हाही सुरतेहून तापी लाइनच्या गाडीत बसून तू तिच्या जिवंतपणी इथे पोहोचू शकशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहीत आहे. येऊ नकोस. तू आलास तर उंबऱ्यात उभा राहून घड्याळ पाहशील, परतीच्या गाडीची चौकशी करशील, आणि तिचे डोळे ते पाहतील. त्या डोळ्यांपासून मी काही लपवू शकलो नाही, तूही शकणार नाहीस. मुखाग्नी मगन देईल. मी त्याला तसे विचारले. तो रडला, पण नाही म्हणाला नाही. तिच्याजवळ या क्षणी एक मुलगा आहे, जो दर रविवारी तिला हाक मारतो आणि केवळ सरकारच्या सडक्या तारांमुळे त्याची हाक पोहोचत नाही. तो तुझ्यापेक्षा पुष्कळ चांगला मुलगा आहे. तिला त्याच्याजवळ मरू दे.

तुझाच, कारण हे नाते मोडण्याची सोय कोणत्याही खात्यात नाही,

आबा